पगार बघून उघडणारं दार

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजले की कतारच्या राजधानीत, दोह्याच्या वेस्ट बेमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही. शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आठवड्याची खरी संध्याकाळ तीच. काचेच्या टॉवरांमधून माणसं खाली उतरतात, गळ्यातली ओळखपत्रं खिशात जातात आणि बरीचशी पावलं आसपासच्या पंचतारांकित हॉटेलांकडे वळतात. रस्त्याने चालणाऱ्याला इथे दारू मिळते याचा मागमूसही लागत नाही. पाटी नाही, जाहिरात नाही, बाहेरून दिसेल असा बार नाही. जे आहे ते हॉटेलच्या पोटात, तळघरात नाहीतर वरच्या मजल्यावर. ज्याला हवं त्याने आत जावं, ज्याला नको त्याच्या नजरेलाही ते पडू नये, अशी ही व्यवस्था. बांधकाम कंपन्यांत क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे कामाच्या मोजमापाचा आणि खर्चाचा हिशोब ठेवणारा, म्हणून मी या शहरात सोळा वर्षं काढली आणि त्यातली बरीच वर्षं ही व्यवस्था मला समंजस वाटत होती. यजमानाच्या घरी त्याच्या रीतीने वागावं, यात वावगं काय?

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी माझं मत बदललं.

आमच्याकडे चिलरचं, म्हणजे इमारती गार ठेवणाऱ्या यंत्रांचं, काम बघणारा एक फोरमन आहे, लांज्याकडचा. त्याच्या मुलीला नर्सिंगला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी साइटवरून निघताना तो म्हणाला, "साहेब, आज तुम्ही पाकीट काढायचं नाही. आज माझ्याकडून." कुठे जायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. वेस्ट बेमधलंच एक हॉटेल. आधीच्या कंपनीत असताना त्या हॉटेलच्या चिलर प्लँटवर त्याने तीन वर्षं काम केलं होतं. बारमागच्या कोल्ड रूमचं तापमान किती ठेवायचं हे त्याला तोंडपाठ होतं, पण बार पुढच्या बाजूने कसा दिसतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. कॅम्पवर जाऊन तो आंघोळ करून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून.

इथे बारच्या दारात ओळखपत्र दाखवावं लागतं आणि ते स्कॅन होतं. माझं कार्ड मशीनवरून फिरून परत हातात आलं. त्याचं कार्ड रखवालदाराने हातातच धरून ठेवलं. कतारच्या ओळखपत्रावर माणसाचा व्यवसाय छापलेला असतो. तो त्याने वाचला, एकदा बुटांकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सॉरी सर, टुनाइट मेंबर्स ओन्ली." मेंबर मीही नव्हतो. पूर्वी त्या बारमध्ये डझनभर वेळा गेलो असेन, कोणी कधी विचारलं नव्हतं. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोरमनने माझ्या कोपराला हात लावला. "चला साहेब, करक घेऊ." आम्ही गाडी काढून दुसरीकडे गेलो आणि कागदी पेल्यातून वेलचीचा करक चहा प्यायलो. त्याचे पैसे त्याने दिले. होस्टेलची फी, मुलीचा डबा, गणपतीला रजा मिळेल का, असं बरंच काही तो बोलला. त्या दाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्याआधी त्याला सगळं कळलं होतं, कारण असं दार त्याने पहिल्यांदा पाहिलं नव्हतं.

रखवालदारावर माझा राग नाही. तोही परदेशातून आलेला, तोही कुणाच्या तरी सूचनेने उभा. मला बोलायचं आहे ते त्याला सूचना देणाऱ्या व्यवस्थेबद्दल आणि आमच्यासारख्या, ती व्यवस्था निमूटपणे उपभोगणाऱ्या पांढरपेशांबद्दल.

आखाती देशातल्या दारूवर आपल्याकडे चर्चा होते ती एकाच अंगाने: धर्म विरुद्ध मोकळीक. तिथे कायदे कडक, इथे मोकळे. किंवा तिथे शिस्त, इथे गोंधळ. कतारमध्ये राहणाऱ्याला कळतं की गोम दुसरीकडेच आहे. कायदा म्हणतो, सार्वजनिक जागी पिणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि तीन हजार रियालपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवाशाला सामानातून बाटली आणता येत नाही, ती विमानतळावर काढून घेतात. वय २१ हवं. बाहेर प्यायची तर परवाना असलेल्या हॉटेलातच. रमजानचा महिनाभर तेही बंद. पिऊन गाडी चालवली तर दयामाया नाही. कतारी पोशाखातल्या माणसाला बारमध्ये घेत नाहीत. इथपर्यंत मला काहीही आक्षेप नाही. तीस लाखांच्या देशात मूळ नागरिक जेमतेम दहातला एक. स्वतःच्याच देशात अल्पसंख्य झालेल्या समाजाला आपला रस्ता, आपली किनारपट्टी, आपल्या मुलांच्या नजरेसमोरचं जग आपल्या श्रद्धेप्रमाणे हवं असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. डिसेंबर २०११ मध्ये पर्ल या कृत्रिम बेटावरच्या रेस्टॉरंटांमधली दारू अचानक बंद झाली, तेव्हा परदेशी लोकांनी खूप आरडाओरडा केला. मला तो तेव्हाही पटला नव्हता. ते बेट म्हणजे लोकांच्या फिरण्याची जागा, तिथे काय असावं हे त्यांनी ठरवावं.

पण मग सूट कोणाला, हे बघा. घरी प्यायची असेल तर कतार एअरवेजच्या अखत्यारीतलं एक दुकान आहे, कतार डिस्ट्रिब्यूशन कंपनी. तिथे परवाना लागतो. परवान्यासाठी कंपनीचं पत्र लागतं, पत्रावर पगार लागतो, तो ठरावीक आकड्याच्या वर लागतो आणि महिन्याचा कोटाही पगारावरच ठरतो. ज्याचा पगार जास्त त्याला जास्त बाटल्या. यात धर्म कुठे आला? तब्येत कुठे आली? आरोग्याच्या नावाखाली १ जानेवारी २०१९ पासून दारूवर शंभर टक्के कर लागला, म्हणजे किंमत रातोरात दुप्पट. माझ्यासारख्याने चार शिव्या घालून पैसे मोजले. ज्याला परवानाच नाही त्याला त्या कराने काही फरक पडला नाही, त्याच्यासाठी दुकान आधीपासूनच बंद होतं.

आता हॉटेलचा हिशोब. मार्च २०२१ पासून इथे सगळ्यांना लागू असलेलं किमान वेतन आहे एक हजार रियाल. राहणं-खाणं कंपनीने दिलं नाही तर वर पाचशे आणि तीनशे. २०२२च्या वर्ल्डकपमध्ये अल बिद्दा पार्कच्या फॅन झोनमध्ये अर्धा लिटर बिअरचा भाव होता पन्नास रियाल, आणि वेस्ट बेच्या हॉटेलांतही साधारण त्याच आसपास मोजावे लागतात. महिन्याचे सव्वीस कामाचे दिवस धरले तर हजार रियालवाल्याची रोजची कमाई अडतीस रियाल. म्हणजे दिवसभर उन्हात सळया बांधणाऱ्या माणसाने एक पूर्ण रोज ओतला तरी एक ग्लास बिअर येत नाही. तरीही तो ठरवून, साठवून, मुलीच्या नावाने एक दिवस गेलाच, तर दारात "मेंबर्स ओन्ली". नाहीतर "कपल्स ओन्ली". बायको लांज्याला आणि हा इथे, हे त्याला इथे आणणाऱ्या सगळ्यांना माहीत असताना.

वर्ल्डकपचाच दुसरा प्रसंग. पहिला सामना दोन दिवसांवर असताना, १८ नोव्हेंबर २०२२ ला, स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद केल्याचं जाहीर झालं. जगभर बातम्या झाल्या: कतारने शब्द फिरवला, कतारने आपली संस्कृती राखली, ज्याने त्याने आपापल्या सोयीने वाचलं. त्या बातम्यांच्या तळाशी एक ओळ होती, तिच्यावर फारसं कुणी थांबलं नाही. स्टेडियममधल्या महागड्या हॉस्पिटॅलिटी बॉक्समध्ये दारू चालूच राहणार होती. म्हणजे एकाच स्टेडियममध्ये, एकाच सामन्याला, तिकीट काढून आलेल्या माणसाला संस्कृती लागू आणि बॉक्स घेतलेल्याला नाही. जे वेस्ट बेमध्ये रोज होतं ते त्या दिवशी सगळ्या जगासमोर झालं, एवढंच.

कामगार राहतो तो भाग वेस्ट बेपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. कागदोपत्री इंडस्ट्रियल एरिया, पण आम्ही सगळे म्हणतो सनाय्या. २०१० च्या पंधरा क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबं राहतात त्या वस्त्यांमध्ये कामगारांना ठेवायला बंदी आहे. त्यांना इथे शब्द आहे 'बॅचलर', मग गावाकडे चार मुलं असली तरी. शुक्रवारी काही मॉलच्या दारात 'फॅमिली डे' म्हणून या बॅचलरांना परत पाठवलेलं मी कितीदा पाहिलंय. एशियन टाउन आहे त्यांच्यासाठी. क्रिकेटचं मैदान, थिएटरं, दुकानं, सगळं आहे आणि चांगलं आहे. पण तिथे परवाना असलेला बार नाही.

मग सनाय्यात कुणी पीतच नाही का? आधीच्या एका कंपनीत असताना मी सेफ्टीवाल्यांबरोबर कॅम्पची तपासणी करायला गेलो होतो. एका खोलीत दुमजली पलंगाखाली, बुटांच्या मागे, वीस लिटरचा पाण्याचा निळा जार निघाला. आत साखर, यीस्ट, खजूर आणि सडत चाललेली सफरचंदं. तोंडाला फडकं बांधलेलं. वास असा की दोन दिवस नाकातून गेला नाही. खोलीतल्या आठांपैकी दोघांनी जबाबदारी घेतली. आठवड्याच्या आत त्यांची परतीची तिकिटं निघाली. त्यांच्या कागदांवर सही करणारे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर त्याच गुरुवारी क्लायंटबरोबर हॉटेलात बसले होते, आणि त्या टेबलावर मीही होतो. दोघांपैकी एकाने भरतीच्या एजंटचे पैसे अजून फेडलेले नव्हते. मी तेव्हा काहीच बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

हा निळा जार तरी एक वेळ ठीक, पोट बिघडेल. भीती आहे ती त्याच्या पुढच्या पायरीची. ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतमध्ये मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल मिसळलेली दारू पिऊन तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यानुसार २३ माणसं मेली, १६० जणांना बाधा झाली, काहींची दृष्टी कायमची गेली. सगळे आशियाई, त्यात आपले भारतीय बरेच. कुवेतमध्ये हॉटेलांतही बार नाहीत, दारूबंदी संपूर्ण आहे. कायदा सगळ्यांना सारखा, पण पैसेवाला वीकएंडला विमानाने बहरीन नाहीतर दुबई गाठतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला ती बाटली येते. सौदीत अशा चोरट्या दारूला 'सदीकी' म्हणतात. सदीकी म्हणजे माझा मित्र. कतारमध्ये वेस्ट बेचे बार आहेत म्हणून आम्ही स्वतःला कुवेतपेक्षा उदार समजतो. सनाय्यातल्या माणसापुरतं मात्र कतार म्हणजे कुवेतच आहे, आणि तिथे जे झालं ते इथे होऊ शकतं.

मराठी माणसाला हे कळायला आखातात यायची गरज नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्या कायद्यानुसार दारू पिण्यासाठी प्रकृतीच्या कारणाने परवाना काढावा लागतो, आणि 'परमिट रूम' हा शब्द आपल्या पाट्यांवर आजही आहे. मोरारजीभाईंच्या कडक दारूबंदीत ज्याच्याकडे डॉक्टर होता, ओळख होती, त्याला परवाना मिळाला. गिरणगावातला माणूस आंटीच्या अड्ड्यावर गेला. हातभट्टी फोफावली ती तेव्हा. पुढे बंदी सैल झाली, तरी गरिबाची दारू वेगळी ती वेगळीच राहिली. जून २०१५ मध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं विषारी दारूने मेली. त्याच मालाडमध्ये परमिट रूम कमी होत्या असं नाही. मेलेल्यांना त्या परवडत नव्हत्या.

यावर मला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं उत्तर असं: "अहो, बरंच आहे ना, गरिबाला मिळत नाही ते! पैसे घरी जातात, बायकापोरांचं भलं होतं." हे म्हणणाऱ्यांत माझी स्वतःची बहीण आहे आणि तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. तिच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान केलं होतं, आडवी बाटली. ती त्यात घरोघर फिरली होती. गडचिरोलीतल्या दारूबंदीमागेही किती बायांचे हाल आहेत हे आपण जाणतो. कॅम्पमध्ये आठ पुरुष एका खोलीत, घरापासून दूर, वर्षानुवर्षं. तिथे दारू आली की भांडणं येतात, पैसे जातात, हेही खरं. पण तिच्याच आडव्या बाटलीत माझं उत्तर आहे. तिथे ज्यांच्या घरावर परिणाम होणार होता त्यांनी मत दिलं. अर्ध्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद, मग ते गावातल्या सावकारासाठीही बंद आणि मजुरासाठीही. इथे सनाय्यातल्या माणसाला कुणी विचारलं नाही, त्याच्या बायकोला तर नाहीच. आणि बायकापोरांची काळजी हेच कारण असेल, तर माझ्या बायकोला कधी कुणी विचारलं, की यांना परवाना द्यायचा का? मी गुरुवारी दोनशे रियाल उडवून रात्री टॅक्सीने घरी येतो, त्याची काळजी सरकारने केली नाही, कंपनीने केली नाही. माझ्यावर समजूतदार म्हणून विश्वास टाकला, माझा पगार बघून. फोरमन माझ्यापेक्षा वयाने मोठा, माझ्यापेक्षा जास्त पैसे साठवणारा, तिघांना शिकवणारा. त्याच्यावर नाही.

या व्यवस्थेत पाहुणचार म्हणून परदेशी माणसाला सूट असेल, तर गवंडीही परदेशीच आहे. नैतिकता म्हणून बंदी असेल, तर मॅनेजरलाही ती हवी. दोन्हीपैकी काहीही चालेल, अगदी उद्या सगळे बार बंद झाले तरी मी तक्रार करणार नाही. पण श्रद्धेच्या नावाने काढलेला नियम पैशाने मोडता यावा, हे त्या श्रद्धेलाही कमीपणा आणणारं आहे. माझ्या ओळखीचे एक कतारी गृहस्थ, पाच वेळा नमाज पढणारे, मला एकदा म्हणाले होते की हॉटेलांतल्या बारपेक्षा त्यांना जास्त खुपतं ते हेच.

मला काय हवं आहे ते सरळ सांगतो. परवान्यासाठीची पगाराची अट काढा, कोटा सगळ्यांना सारखा आणि छोटा ठेवा. बारच्या दारात वय बघा, पिऊन आलाय का बघा, पण व्यवसाय बघायला मनाई करा. मेंबरशिप असेल तर ती लेखी असू द्या आणि मलाही लागू करा. एशियन टाउनमध्ये एक कँटीन असू द्या, बंदिस्त, बाहेरून न दिसणारं, तिथेही ओळखपत्र स्कॅन होईल, रात्री नऊला बंद होईल, हलकी बिअर मिळेल आणि रमजानमध्ये कुलूप लागेल. जे वेस्ट बेमध्ये डोळ्याआड चालतं ते सनाय्यातही डोळ्याआड चालू शकतं. आणि कॅम्पमध्ये विषारी दारूने कुणी आजारी पडला, तर दवाखान्यात जायला त्याला हद्दपारीची भीती वाटता कामा नये. मिथेनॉलमध्ये उपचाराला उशीर म्हणजे डोळे जातात नाहीतर जीव जातो. ही शेवटची गोष्ट तर बाकी काही नाही झालं तरी व्हायला हवी.

सरकारं आमचं ऐकून नियम करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दारातल्या रखवालदाराला सूचना सरकार देत नाही, हॉटेलचं व्यवस्थापन देतं, आणि हॉटेलचं व्यवस्थापन कंपन्यांचं ऐकतं, कारण त्याची गुरुवारची कमाई कंपन्यांच्या बिलांवर चालते. या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर आपली माणसं किती आहेत! कतारमध्ये भारतीय सात-आठ लाख; इंजिनिअर, अकाउंटंट, मॅनेजर म्हणून मराठी माणसं जागोजाग. मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला आम्ही या फोरमनच्या शेजारी उभे राहतो आणि गुरुवारी त्याला दारात सोडून आत जातो.

आमच्या कंपनीचं वार्षिक जेवण डिसेंबरात असतं. वेस्ट बेच्या हॉटेलात, पण फक्त 'स्टाफ'साठी. 'लेबर'ला त्या रात्री कॅम्पवर बिर्याणीची पाकिटं जातात. यंदा मी व्यवस्थापनाला पत्र दिलं आहे: यादीत फोरमन आणि प्रत्येक ट्रेडमधले कामगार घ्या, आणि हॉटेल ठरवताना पाहुण्यांच्या ओळखपत्रावरचा व्यवसाय बघून कुणालाही अडवणार नाही असं त्यांच्याकडून लेखी घ्या. जेवणात दारू ठेवली नाही तरी चालेल, असंही त्यात लिहिलंय. माझ्याबरोबर अकरा जणांनी सह्या केल्या. दोघांनी पत्र वाचून परत दिलं. उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत फोरमनला मी यातलं काही सांगणार नाही.